हॉस्पिटलं आरोग्य संवर्धन कधी मनावर घेतात?

मंजिरी_कर्वेनगर

आमच्या भागात एकाच रस्त्यावर दोन हॉस्पिटलं आहेत. खाटा साधारण सारख्या, आणि कन्सल्टंट तर निम्मे तेच. सकाळी इथे, संध्याकाळी तिथे. एकीकडे मधुमेहाचा पेशंट घरी निघण्याआधी डायटिशियन वॉर्डात येते, घरी स्वयंपाक कोण करतं ते विचारते आणि त्या व्यक्तीला समोर बसवून बोलते. भाकरी किती, भात किती, चतुर्थीला साबुदाण्याऐवजी काय. दुसरीकडे डिस्चार्ज कार्डावर 'डायबेटिक डाएट' एवढा शिक्का उमटतो आणि विषय संपतो. डॉक्टर तेच असतील तर हा फरक येतो कुठून?

मी स्वतः तिसऱ्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात क्वालिटी विभागात आहे. (नाव विचारू नका. ओळखलंत तर मनात ठेवा.) त्यामुळे प्रश्न माझ्या पोटापाण्याचाही आहे.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. हॉस्पिटलनं पेशंट, त्याचे घरचे, स्वतःचे कर्मचारी आणि आजूबाजूची वस्ती या सगळ्यांचं आरोग्य सुधारायलाही हातभार लावावा, ही कल्पना बरीच जुनी आहे. १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यात आरोग्यसेवेची दिशा बदला असं स्पष्ट म्हटलंय. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्यानं व्हिएन्नातल्या रुडॉल्फस्टिफ्टुंग हॉस्पिटलात पहिला प्रयोग सुरू झाला. १९९१ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा आला, १९९३ ते ९७ या काळात युरोपातल्या ११ देशांतल्या २० हॉस्पिटलांनी तो राबवून पाहिला, आणि २००४ मध्ये पाच मानकं ठरली: लेखी धोरण हवं, प्रत्येक पेशंटच्या सवयी आणि धोके नोंदवायला हवेत, त्यावर माहिती आणि मदत द्यायला हवी, कर्मचाऱ्यांना निरोगी राहता येईल अशी कामाची जागा हवी, आणि पेशंट घरी गेल्यावर पुढच्या डॉक्टरशी, संस्थेशी दुवा हवा. वाचताना वाटतं, यात अवघड ते काय!

माझं मत असं की हे काम कुणाच्या तरी नावावर, ड्यूटी लिस्टमध्ये, पगारासकट लिहिलेलं आहे का, यावर सगळं ठरतं. वर सांगितलेल्या पहिल्या हॉस्पिटलात डायटिशियन दोन आहेत, आणि त्यातल्या एकीकडे फक्त वॉर्डांचंच काम आहे. दुसऱ्या हॉस्पिटलात एकच आहे, ती किचनचे ट्रे मोजण्यात बुडालेली. ट्रस्टींची तळमळ, डॉक्टरांचा चांगुलपणा वगैरे मी त्यानंतर धरते.

तुमचे अनुभव लिहा. पेशंट म्हणून आलेलेही चालतील.


भिडेपूल_पाण्याखाली

आरोग्य संवर्धन म्हणजे ते लॉबीतलं 'तेलकट टाळा' पोस्टर ना, ज्याच्याखाली बसून आपण कॅन्टीनचा समोसा खात रिपोर्टची वाट बघतो? वाचतोय.


सहकारनगरचे_काका

मंजिरीताई, चांगला विषय. मला वाढदिवसाच्या शुभेच्छा मुलीच्या आधी एका हॉस्पिटलाकडून येतात. सोबत ज्येष्ठांसाठी खास चेकअप पॅकेज, आजच्या दिवस सवलत. एकदा केलं. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग उपमा-कॉफी, मग सोनोग्राफी. रिपोर्ट मोबाइलवर आला, त्यात चार आकडे लाल रंगात. त्या आकड्यांचं काय करायचं हे सांगायला माणूस नाही. पण कार्डिऑलॉजीची अपॉइंटमेंट घेता का असा फोन मात्र न चुकता येतो. हे तुमच्या आरोग्य संवर्धनात बसतं का?


मंजिरी_कर्वेनगर

नाही बसत, काका. असं काही दिसलं की ते कोणतं खातं चालवतं एवढं विचारायचं. पॅकेजं मार्केटिंग चालवतं, मॅरेथॉनचे टीशर्टही त्याच बजेटमधून निघतात. तपासणी वाईट असं म्हणत नाही मी, पण तिथे यश मोजतात ते किती जण पुढे ओपीडीत आले यावर. किती जणांची साखर वर्षभरानं उतरली हे कुणी मोजत नाही.


अर्थबोध

मी हॉस्पिटल बिलिंग आणि टीपीए (विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारे) अशा दोन्ही टेबलांच्या बाजूंना बसलेला माणूस आहे, म्हणून जरा रोखठोक लिहितो.

सल्ल्याला कोड नाही. बिलात ज्याला ओळ नाही ते काम हॉस्पिटलात दिसेनासं होतं. अँजिओप्लास्टीला ओळ आहे, तंबाखू सोडवायला डॉक्टर पंधरा मिनिटं बोलले त्याला नाही. मेडिक्लेमच्या बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीतल्या समुपदेशनाला शून्य. तेव्हा 'नावावर काम हवं' हे मंजिरींचं म्हणणं मान्य, पण नावावर काम टाकायला पगार लागतो आणि तो कुठल्या तरी ओळीतून निघावा लागतो.

मग पुण्यात एवढ्या हॉस्पिटलांनी एनएबीएच (गुणवत्तेचं राष्ट्रीय मानांकन) का केलं? सगळे एकदम गुणवत्तेच्या प्रेमात पडले म्हणून? सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची आरोग्य योजना, तिच्या दरपत्रकात एनएबीएच नसलेल्या हॉस्पिटलला १५ टक्के कमी दर मिळतो. आता पुण्याचा विचार करा. खडकी, देहूरोडच्या फॅक्टऱ्यांतून निवृत्त झालेले, संरक्षण खात्याच्या लॅबमधले, केंद्र सरकारी पेन्शनर. शिवाय निवृत्त फौजी ईसीएचएसवाले. एवढी मोठी गिऱ्हाइकी १५ टक्के कमी दरात कोण घेईल? म्हणून मानांकन. आणि मानांकनाच्या पुस्तकात पेशंटचे हक्क आणि शिक्षण असा अख्खा एक विभाग आहे: आहार, औषधं, जंतुसंसर्ग कसा टाळायचा, लसीकरण, हे सगळं पेशंटला आणि घरच्यांना समजावून सांगितल्याची नोंद मागतात. म्हणजे आरोग्य शिक्षण हॉस्पिटलात शिरलं ते दरपत्रकाच्या मागच्या दारानं.

दुसरा मुद्दा कमी लोकांच्या लक्षात येतो. मेडिक्लेमच्या बिलात जखम चिघळली, चार दिवस वाढले, तर बिलही वाढतं. सीजीएचएस किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पॅकेज ठरलेलं असतं, चिघळण्याचा खर्च बराचसा हॉस्पिटलच्याच डोक्यावर बसतो. खरं तर पॅकेजच्या पेशंटला ऑपरेशनच्या आधी धडधाकट करण्यात हॉस्पिटलचाच फायदा आहे. असा हिशोब मांडणारा मॅनेजर मला तरी अजून भेटलेला नाही. प्रत्येक जण पॅकेजमध्ये कुठलं कन्झ्युमेबल स्वस्तात बसेल तेवढंच बघतो.


सिस्टर_निशा

अर्थबोध सर, मागच्या दारानं काय शिरलं ते मी सांगते.

डिस्चार्ज दुपारी बारा-एकला निघतात. त्याच वेळी नवीन अॅडमिशन, त्याच वेळी राउंडच्या ऑर्डरी उतरवायच्या, त्याच वेळी फार्मसीचे रिटर्न. पेशंट एज्युकेशनच्या फॉर्मवर आठ-दहा चौकोन असतात. नातेवाईक खाली बिलाच्या रांगेत. तो वर येतो तेव्हा त्याच्या एका हातात पावत्या, दुसऱ्या हातात मोबाइल, रिक्षावाला खाली थांबलेला. मी म्हणते, दादा इथे सही करा. तो सही करतो. चौकोनांत टिका मी आधीच मारलेल्या असतात. ऑडिटला फाइल कशी एकदम नीट! असेसर आले की ते सही बघतात, क्वचित एखाद्या पेशंटला विचारतात, आणि तो पेशंट आम्हीच दाखवलेला असतो.

मंजिरी मॅडम, राग मानू नका. तुमच्या विभागाकडून फॉर्म येतो, माणूस येत नाही.

पण एक गोष्ट आमच्याकडे खरंच रुजली आहे, आणि ती का रुजली याचा मी पुष्कळदा विचार करते. स्तनपान. मी बाळंतिणींच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. सुरुवातीला सिझेरियनचं बाळ पहिल्या दिवशी डब्याच्या दुधावरच. आता टाके घालून होईपर्यंत बाळ छातीशी लावलेलं असतं, आणि आजीनं मध आणला तर आयाच तिला कोपऱ्यात घेऊन समजावतात. हे कसं झालं? एक तर कायदा आहे, १९९२ चा, डब्याच्या दुधाची जाहिरात, फुकट सॅम्पल, सगळं बंद. मग युनिसेफ आणि डब्ल्यूएचओची बाळस्नेही हॉस्पिटलची मोहीम १९९१ पासूनची, तिच्या दहा पायऱ्या भिंतीवर. २०१६ मध्ये सरकारचा 'मा' कार्यक्रम आला, त्यात आमचं ट्रेनिंग झालं. बालरोगाच्या आमच्या मॅडम कडक, डब्याची चिठ्ठी त्यांच्या सहीशिवाय निघत नाही. पण माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. त्याचं फळ माझ्याच ड्यूटीत दिसतं. रडणारं बाळ वीस मिनिटांत शांत होतं, आई हसते. मधुमेहाच्या माणसाला मी भात कमी करा म्हटलं, त्याचं पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. तो परत आला तर पाय काळा पडल्यावरच, आणि तोही दुसऱ्या वॉर्डात.


मंजिरी_कर्वेनगर

राग कसला, फॉर्म आणि माणूस हे वाक्य मी मीटिंगमध्ये तुमचं नाव न घेता वापरणार आहे.

फळ दिसण्याचा मुद्दा फार मोलाचा आहे. ससूनची मातृदुग्धपेढी टिकली त्यातही हे असावं. एनआयसीयूतल्या बाळाचं वजन रोज काट्यावर दिसतं. आमच्याकडे घरी गेलेल्या पेशंटची खबर उलट वॉर्डापर्यंत आणणारी वाटच नाही. ते काम एमएसडब्ल्यूचं (वैद्यकीय समाजसेविकांचं) असायला हवं, आणि आमच्या एमएसडब्ल्यू काय करतात? ट्रस्टचं हॉस्पिटल असल्यामुळे १० टक्के खाटा निर्धनांना आणि १० टक्के दुर्बलांना, बिलाच्या २ टक्के निर्धन निधीत. ते पाहिजेच. पण रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, धर्मादाय कार्यालयाचे ऑनलाइन तक्ते यातच त्यांचा दिवस मावळतो.


गावाकडचा_एमओ

सरकारी बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून. मी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे.

आमच्याकडे गंमत उलटी आहे. शहरातल्या हॉस्पिटलात आरोग्य संवर्धन हा पाहुणा, आमच्याकडे तोच कागदावरचा यजमान. आशा आहेत, आरोग्य सेविका आहेत, २०१८ पासून केंद्राची पाटी बदलली, २०२३ मध्ये पुन्हा बदलून आयुष्मान आरोग्य मंदिर झाली, योगाचं सत्र आलं. तरी खरा हलवून सोडणारा कार्यक्रम कुठला म्हणाल तर कायाकल्प, सरकारी दवाखान्यांची स्वच्छतेची स्पर्धा. २०१५ मध्ये सुरू झाला. बाहेरची टीम येऊन गुण देते, जिल्ह्यात पहिल्या आलेल्या केंद्राला २ लाख. त्यातले ७५ टक्के केंद्राच्या सोयींसाठी, २५ टक्के कर्मचाऱ्यांना. रक्कम वाटून माणशी फार येत नाही हो, पण आमच्या सफाईच्या मावशींना जिल्हा परिषदेत स्टेजवर बोलावलं, तो फोटो त्यांच्या घरात देवाशेजारी लावलाय. त्यानंतर ओपीडीत कुणी पिचकारी मारून दाखवावी!

वाईट बाजूही लिहितो. तपासणीच्या आधीचा महिना नुसता रंगरंगोटीचा. कुंड्या येतात, टीम गेली की पाण्याविना वाळतात. आणि गुणपत्रिकेत नाही ते काम त्या महिन्यात कुणी हातात घेत नाही.

आणखी एक कारण सुचतं, पैशाचं आणि बक्षिसाचं नसलेलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलनं शिरूर तालुक्यात वढूला सत्तरच्या दशकापासून काम उभं केलं. १९९३ पासून पुण्याजवळच्याच खेड्यांत गरोदर बायकांचा आहार आणि बाळांचं वजन यांचा अभ्यास चालवला, ती बाळं आता मोठी झाली तरी पाठपुरावा चालू आहे. ज्या हॉस्पिटलनं खेड्यातल्या घराघरात जाऊन मोजमाप केलं, त्याला 'आमच्याकडे आजारी होऊन येईल तेवढंच आम्ही बघू' असं म्हणणं जड जातं. मोजायला लागलं की जबाबदारी चिकटते.


तिरकस_नळस्टॉप

सगळ्यांचा सूर बघून मुद्दाम उलटं लिहितोय. हॉस्पिटलांनी हे करावंच कशाला? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला करून हातपाय लुळे करणारा आजार) पेशंट अचानक वाढले. आयसीयूवाल्यांनी जीव तोडून काम केलं, पण उत्तर नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यात होतं. ते काम महापालिकेचं. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासानं देशात १०.१ कोटी मधुमेही सांगितले. हे सगळे हॉस्पिटलच्या सल्ल्याअभावी मधुमेही झाले का? फुटपाथ नाही, खेळायला मैदान नाही, घरी पोचायला रात्रीचे नऊ. उद्या हॉस्पिटलं चालण्याचे फायदे सांगणार आणि त्यांच्याच दारात फुटपाथवर त्यांचं जनरेटर.


अर्थबोध

जनरेटरला +१. पण जीबीएसचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. एकाच भागातून असे पेशंट येताहेत हे आधी हॉस्पिटलांतल्या डॉक्टरांनाच जाणवलं आणि त्यांनी कळवलं, म्हणून पाण्याचे नमुने घेतले गेले. पत्ता विचारणं, नोंदवणं आणि कळवणं हेही त्या २००४ च्या मानकांतल्या दुव्यातच मोडतं. पाइप बदलायला कुणी हॉस्पिटलला सांगत नाहीये.


तिरकस_नळस्टॉप

मान्य, अर्धं. मग २००९ चं सांगा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा लागल्या, सगळं शहर रुमाल बांधून फिरत होतं. कोविडमध्ये प्रत्येक हॉस्पिटलच्या दारात सॅनिटायझर. आज त्या स्टँडवर छत्र्या अडकवलेल्या असतात. साथ आली की संवर्धन, गेली की विसर्जन.


भूलतज्ज्ञ

उशिरा आलो, दिवसभर ओटीत होतो. स्वार्थ या विषयावर थोडं.

साथ, कायदा, बक्षीस, दरपत्रक, हे सगळं बाहेरून ढकलणारं. डॉक्टर आतून हलतो तो स्वतःचा रिझल्ट बिघडायला लागला की. २००२ मध्ये लॅन्सेटमध्ये कोपनहेगनचा एक अभ्यास आला होता. खुबा आणि गुडघा बदलायला आलेले १२० धूम्रपान करणारे पेशंट. निम्म्यांना ऑपरेशनच्या ६ ते ८ आठवडे आधीपासून सिगारेट सोडायला किंवा कमी करायला मदत केली, निम्म्यांना नेहमीप्रमाणे. गुंतागुंत पहिल्या गटात १८ टक्के, दुसऱ्या गटात ५२ टक्के. कुठल्याही ऑर्थोपेडिक सर्जनला हे आकडे दाखवा, जाहीरनाम्यांचं सोडा, तो सरळ बसतो. मी दाखवले. आमचे सर म्हणाले, पटलं, पण पेशंटला आठ आठवड्यांनी या म्हटलं तर तो समोरच्या हॉस्पिटलात परवाची तारीख घेईल. तेही खोटं नाही. गल्लीत चार सर्जन असताना एकट्यानं शहाणपणा केला तर एकट्याचंच नुकसान होतं. याचा तोडगा त्यांच्या संघटनेनं मिळून काढायला हवा, किंवा पैसे देणाऱ्यानं अट घालायला हवी.

दुसरी अडचण आपल्याकडची खास. पीएसीच्या, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीच्या, फॉर्मवर छापील प्रश्न: 'स्मोकिंग: हो / नाही'. समोर भोर, वेल्ह्याकडच्या आजी, गुडघा बदलायचाय. 'नाही' वर टिक. मी बोलता बोलता विचारतो, आजी, मिश्री किती वेळा लावता? 'सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, अन् रात्री झोप येईना म्हणून.' डबी कमरेच्या पिशवीत असते, मागितली की काढून दाखवतात, लपवत नाहीत. २०१६-१७ च्या गॅट्स पाहणीत महाराष्ट्रात धूररहित तंबाखू वापरणारे प्रौढ जवळपास चौथा हिस्सा निघाले, आणि आमचा फॉर्म विचारतो सिगारेटबद्दल! कारण फॉर्म कुठल्या तरी कॉर्पोरेट साखळीच्या फॉर्मवरून उतरवलाय.

नोंदच चुकीची तर पुढचं सगळं खुंटतं. आणि चूक मोठी नाही, एक ओळ बदलायची. ती बदलायला फॉर्म कमिटी, मग मेडिकल रेकॉर्ड, मग छपाई. जुने फॉर्म संपेपर्यंत नवे छापायचे नाहीत असं स्टोअरचं म्हणणं.


सिस्टर_निशा

सर, विचारून झालं, आजी हो म्हणाल्या, पुढे काय? आम्ही विचारत नाही त्याचं एक कारण हेही आहे. हो म्हटल्यावर हातात द्यायला काही नसतं. समुपदेशक सोमवार ते शुक्रवार दहा ते पाच, आणि तोही असला तर.

अजून एक, मानकांत कर्मचाऱ्यांचं आरोग्य आहे म्हणालात म्हणून. आमच्यातल्या कितीतरी जणींना चाळिशीत बीपी लागलं. सलग नाइट, मधे जेवायची सुट्टी नावाला, रात्री कॅन्टीन बंद, मशीनची कॉफी आणि बिस्किटं. हेपॅटायटिस बीची लस दिली, त्याचं रजिस्टर आहे, कारण ते तपासतात. झोपेचं रजिस्टर कुणी मागत नाही. जिला स्वतःला नीट जेवता येत नाही तिनं दुसऱ्याला वेळेवर जेवा म्हणायचं, तर आवाजात जोर कुठून येणार?


भिडेपूल_पाण्याखाली

पहिल्या प्रतिसादातला टवाळपणा मागे घेत नाही, पण सिस्टर, रात्रीच्या कॅन्टीनचं गंभीरपणे विचारतो. ते बंद का?


मंजिरी_कर्वेनगर

कॅन्टीन ठेक्यावर असतं. ठेका प्रशासनाकडे, टेंडरमध्ये भाडं किती देणार ते बघतात, रात्री काय शिजणार ते नाही. ज्याला समोसा-वडा विकून भाडं काढायचंय तो दोन वाजता नर्सेससाठी खिचडी कशाला लावेल? टेंडरची अट बदलली तर होऊ शकतं. आमचं टेंडर मार्चमध्ये निघतं, रात्रीचं जेवण त्यात घालायचा प्रस्ताव मी देते. काय होईल ते सांगत नाही, कारण भाडं कमी होणार आणि ते अकाउंट्सला लगेच दिसेल.

निशाताई, समुपदेशक नसेल तेव्हासाठी राष्ट्रीय तंबाखू क्विट लाइन आहे, १८००-११-२३५६, फुकट. आजींपेक्षा त्यांच्या नातवाला नंबर द्या, तो लावून देईल.

आणि वरचं वाचून माझ्या म्हणण्यात एक भर घालते. काम कुणाच्या नावावर असणं पुरेसं नाही, त्या माणसाला त्याचा निकालही कळायला हवा. मधुमेहाच्या पेशंटांना सोडल्यावर महिन्यानं फोन करून साखरेचा आकडा वॉर्डाच्या फळ्यावर लिहायचा, असं एका वॉर्डात सुरू करता येईल का ते बघतेय. एमएसडब्ल्यूंच्या डोक्यावर न टाकता. नर्सिंग कॉलेजच्या मुलींना कम्युनिटी पोस्टिंगच्या तासांत बसवता येईल असं वाटतं, मेट्रनशी बोलायचंय.


सिस्टर_निशा

फळ्यावर नाव लिहू नका, फक्त आकडे. नाहीतर पेशंटच्या खासगीपणावरून ऑडिटमध्ये तुम्हीच अडकाल. :)


सहकारनगरचे_काका

भूलतज्ज्ञ साहेब, तुमच्या फॉर्मची सुधारलेली ओळ इथे द्याल का? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले दोन डॉक्टर अजून नर्सिंग होम चालवतात, त्यांना देतो. त्यांच्याकडे फॉर्म कमिटी नाही, झेरॉक्सचं दुकान खालीच आहे.


भूलतज्ज्ञ

घ्या:

'तंबाखू कोणत्याही प्रकारे: मिश्री / तपकीर / मळलेली तंबाखू / गुटखा-मावा / तंबाखूचं पान / विडी / सिगारेट. दिवसातून किती वेळा? शेवटची कधी? सोडायला मदत हवी का: हो / नाही. हो असल्यास कुणाकडे पाठवले: ______ (सही)'

शेवटची रिकामी जागा काढू नका. ती भरायला कुणीतरी लागतं, म्हणून आमच्याकडे फॉर्म तिथेच अडलाय.